बाप देव निघाल्यावर

न्यूयॉर्कमधला बारा वर्षांचा एक मुलगा. सारखी शाळा बदलावी लागते, पुस्तक उघडले की अक्षरे जागेवर राहत नाहीत, वर्गात स्थिर बसवत नाही, आणि घरी सावत्र बापाचा जाच. मग एका उन्हाळ्यात त्याला कळते की आपला खरा बाप पोसायडन आहे, ग्रीकांचा समुद्रदेव. रिक रायर्डन यांची ‘द लाइटनिंग थीफ’ ही कादंबरी २००५ साली आली आणि पर्सी जॅक्सन हे नाव जगभरच्या मुलांच्या तोंडी बसले. ही मुले पोसायडनला नैवेद्य दाखवत नाहीत, त्याच्या नावाने उपास करत नाहीत. त्याचे देऊळ पाहिलेच असेल तर पडक्या अवस्थेतले, तेही बहुधा चित्रात. तरीही ‘मी कोण?’ हा त्यांच्या वयाचा अगदी आजचा प्रश्न मांडायला लेखकाला हजारो वर्षांपूर्वीचा देव लागतो. आणि रायर्डन यात एकटे नाहीत. जादू, देवदेवता, राक्षस यांचे जग खरे धरून रचलेल्या कादंबरीला आपण फॅन्टसी म्हणतो; तिच्यातले नायक आणि नायिका पुन्हा पुन्हा पुराणाच्या दारात जाऊन आपले नाव विचारताना दिसतात.

याचे एक सोपे उत्तर असे की पुराणात कथा तयार मिळते, पात्रे ओळखीची असतात, लेखकाचे निम्मे काम होऊन जाते. हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण तयार कथा हाती घेतल्यावर हे लेखक तिच्यात एक ठरावीक बदल करतात. ‘तू अमक्याचा मुलगा’ हे कळण्याचा जो क्षण पुराणात प्रश्न मिटवतो, तोच क्षण फॅन्टसीत प्रश्न सुरू करतो. आधुनिक फॅन्टसीचे सारे सामर्थ्य या जागाबदलात आहे असे माझे म्हणणे आहे. ते पटवून घ्यायचे तर आधी जुनी गोष्ट कशी चालते ते पाहावे लागेल.

खडकाखालची तलवार

अथेन्सचा राजा ईजियस ट्रीझेन नगरीत एथ्रा या राजकन्येपाशी राहतो. निघताना तो एका प्रचंड खडकाखाली आपली तलवार आणि पायताणे ठेवतो आणि सांगून जातो: मुलगा झाला आणि हा खडक हलवण्याइतका मोठा झाला, तर त्याला या खुणा देऊन माझ्याकडे पाठव. मुलगा होतो. तो थिसियस. वयात आल्यावर तो खडक उचलतो आणि वाटेतले दरोडेखोर लोळवत अथेन्सला पोहोचतो. तिथे राजाजवळ असलेली मीडिया या परक्या तरुणाला विष द्यायचा बेत करते. पेला ओठांशी जाणार, एवढ्यात राजाची नजर तलवारीवर पडते आणि तो पेला उडवून लावतो. थिसियसचे पराक्रम यानंतरही पुष्कळ होतात. पण ईजियसपुरता तो कोण, हा प्रश्न इथेच मिटतो. खूण पटली, विषय संपला.

अशा क्षणाचे महत्त्व ॲरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच ओळखले होते. अज्ञानातून ज्ञानाकडे नेणारे हे वळण त्याने उत्तम कथानकाचा आवश्यक भाग मानले आणि ओळख कशाकशावरून पटते याचे प्रकारही लावले. ‘ओडिसी’मध्ये वीस वर्षांनी वेष पालटून घरी आलेल्या ओडिसियसचे पाय धुताना म्हातारी दाई मांडीवरचा जुना व्रण पाहते आणि तिला धनी सापडतो. कालिदासाच्या दुष्यंताला माशाच्या पोटातून निघालेल्या अंगठीवरून शकुंतला आठवते. हिंदी सिनेमातल्या ताटातूट झालेल्या भावांच्या गळ्यातल्या ताइतापर्यंत ही परंपरा आपल्याला पाठ आहे. या सगळ्या कथांमध्ये माणूस कोण आहे हे आधीच ठरलेले असते. हरवलेला असतो तो फक्त पुरावा. खडकाखाली तलवार होती तेव्हाही थिसियस राजपुत्रच होता. खडक उचलून त्याने काही नवे घडवले नाही, आधीच खरे असलेले सिद्ध केले. ज्या समाजात जन्माबरोबर कूळ, काम, लग्नाची दिशा आणि मेल्यावर तर्पण कोण करणार हे सगळेच ठरत होते, तिथे ‘मी कोण’ या प्रश्नाला याहून वेगळे उत्तर सुचणे कठीणच होते.

मूल दुसरा बाप का कल्पते

१९०९ साली ऑटो रांक या तरुण अभ्यासकाने वीरांच्या जन्मकथांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यात त्याने अक्कडचा राजा सारगॉन, मोझेस, ईडिपस, रोम्युलस यांच्या शेजारी आपला कर्णही बसवला. थोर कुळात जन्म, लगेच टाकून दिले जाणे, बहुतेकदा पाण्यात सोडले जाणे, साध्या माणसांच्या घरी वाढणे आणि शेवटी मूळ कुळाचा मान परत मिळणे, असा या कथांचा साचा त्याने दाखवला. कर्णाच्या बाबतीत शेवटची पायरी चुकते. त्याकडे पुढे यावेच लागेल.

याच पुस्तकासाठी सिग्मंड फ्रॉइडने काही पाने लिहून दिली होती. त्याचे म्हणणे असे: अगदी लहानपणी आईबाप मुलाला सर्वशक्तिमान वाटतात. मग मूल मोठे होते, दुसऱ्यांची घरे पाहते, आपले आईबाप चारचौघांसारखेच आहेत हे त्याच्या लक्षात येते. कधी शिक्षा होते, कधी भावंडाचे कौतुक जास्त होते, आणि मनात येते की हे माझे खरे आईबाप नसतीलच. खरे कोणीतरी थोर असतील, ते एक दिवस न्यायला येतील. यात आईबापांचा द्वेष नाही, ते देवासारखे वाटत होते त्या दिवसांची ओढ आहे, असेही फ्रॉइडने सांगितले. फ्रॉइडच्या अनेक सिद्धांतांना आज मान्यता उरलेली नाही, पण हे निरीक्षण मला अजून भक्कम वाटते. फॅन्टसीतल्या इतक्या मुलांना अकराव्या, बाराव्या, तेराव्या वर्षीच आपल्या जन्माचे रहस्य का कळते, हे त्यातून समजते. आईबाप माणसे ठरण्याचे वय तेच असते.

मात्र ही ओढ थिसियसच्या काळीही असणार. आज गोष्टीचा घाट का बदलला, हे एकट्या मानसशास्त्राला सांगता येत नाही. त्यासाठी समाजाकडे वळावे लागते. शिक्षण, शहर आणि स्थलांतर यांनी मागच्या दोन शतकांत माणसाच्या हाती निवड आणून दिली. सुताराची मुलगी डॉक्टर होऊ लागली, एका खंडात जन्मलेले मूल दुसऱ्या खंडात वाढू लागले. अशा माणसाच्या बाबतीत ‘मी कोण’ याचे उत्तर कुठे हरवलेले नसते. ते अजून तयार व्हायचे असते. आणि तयार व्हायचे असलेले उत्तर माणसाला अस्वस्थ करते. त्यामुळे खूण पटल्यावर मिळणारा जुना निर्धास्तपणाही हवासा वाटतो आणि नवे स्वातंत्र्यही सोडवत नाही.

जुने खोड, नवी काडी

फॅन्टसी या दोन्ही गरजा कशा भागवते हे समजायला कोकणातले आंब्याचे कलम उपयोगी पडेल. रायवळ आंब्याची कोय रुजवतात आणि त्या कोवळ्या रोपावर हापूसची काडी बांधतात. मुळे रायवळाची राहतात, जमिनीत खोल जाणे आणि तग धरणे हे काम त्यांचे. फळ मात्र काडीच्या जातीचे लागते. पुराणकथा हे फॅन्टसीतले रायवळाचे रोप आहे. टाकलेले मूल, गुप्त पिता, खूण, वारसा यांना शतकानुशतकांची मुळे आहेत आणि वाचक त्यांवर ताबडतोब विश्वास ठेवतो. त्यावर बांधलेली काडी म्हणजे स्वतःला घडवण्याचा आधुनिक प्रश्न.

वास्तववादी कादंबरीत हाच प्रश्न मांडता येत नाही का? येतो, आणि उत्तम येतो. पण पुराण लेखकाला एक वेगळी सोय देते: मनाच्या आतली गोष्ट ते बाहेर, अंगापिंडासह उभी करते. पर्सीला वाचनात अडथळा आणणारा डिस्लेक्सिया आहे, आणि लक्ष एका ठिकाणी टिकू न देणारी एडीएचडी ही अवस्थाही आहे. कादंबरी सांगते की त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचण्यासाठी घडलेला आहे, म्हणून इंग्रजी अक्षरे हलतात. आणि त्याची चुळबुळ ही रणांगणावर जिवंत ठेवणारी सावधता आहे. रायर्डन शाळामास्तर होते आणि हेच दोन्ही त्रास असलेल्या आपल्या मुलाला रात्री झोपताना सांगितलेल्या गोष्टीतून पर्सी जन्मला. नायजेरियन-अमेरिकन लेखिका नेडी ओकोराफोर यांच्या ‘अकाटा विच’ (२०११) या कादंबरीतली सनी अमेरिकेत जन्मून नायजेरियात राहायला आलेली आहे. त्वचेत रंगद्रव्य नसल्याने ती उन्हात खेळू शकत नाही. इथल्यांना ती परकी आणि तिथल्यांनाही परकी. पश्चिम आफ्रिकेच्या लोकश्रद्धांवर उभारलेल्या कादंबरीतल्या गुप्त जगात तिचे हेच वेगळेपण शक्तीची खूण ठरते. त्या जगात काही नवे शिकले की आकाशातून धातूचे चलन पडते, ही ओकोराफोर यांची कल्पना मला फार मोलाची वाटते. तिथे श्रीमंती वारशाने येत नाही, शिकण्याने येते.

> थोडक्यात
> जुन्या पुराणकथेत ओळख जन्माने ठरलेली असते. खूण पटली की प्रश्न मिटतो. आधुनिक फॅन्टसीत हाच क्षण सुरुवातीला किंवा मध्यावर येतो. त्यानंतर नायकाला वारशाचे काय करायचे हे ठरवावे लागते: स्वीकारायचा, नाकारायचा, की बदलून घ्यायचा.

बाप सापडतो तिथून

पर्सीला आपला बाप कोण हे पाच पुस्तकांच्या मालिकेतल्या पहिल्याच पुस्तकात कळते. त्याच्या डोक्यावर हिरवा त्रिशूळ झळकतो आणि छावणीतली सगळी मुले गुडघे टेकतात. जुनी गोष्ट इथे संपली असती. रायर्डन मात्र इथून पुढे त्या छावणीची व्यवस्था दाखवत जातात. ज्यांना देवबापाने आपले म्हटलेले नाही ती मुले हर्मीसच्या एकाच खोलीत दाटीवाटीने राहतात; लहान देवांच्या मुलांना स्वतःची खोलीच नाही. हर्मीसचा मुलगा लूक याच अन्यायाने पेटून शत्रूला मिळतो, आणि त्याच्या मागे जाणाऱ्यांत अशी नाकारलेली मुले पुष्कळ असतात. लूक खलनायक आहे, पण त्याची तक्रार खोटी नाही, हे कादंबरी मान्य करते. मालिकेच्या शेवटच्या पुस्तकात (२००९) देव पर्सीला अमरत्व देऊ करतात. तो ते नाकारतो आणि त्याऐवजी त्यांच्याकडून वचन घेतो की यापुढे प्रत्येक मुलाला तेराव्या वर्षाच्या आत आपले म्हणायचे आणि प्रत्येक देवाला छावणीत जागा द्यायची. थिसियसला राजाने ओळखले. पर्सी देवांना ओळखण्याचा नियमच बदलायला लावतो.

नील गेमन यांच्या ‘अमेरिकन गॉड्स’मध्ये (२००१) पिता सापडणे हा चक्क सापळा आहे. स्थलांतरितांनी मनात वाहून अमेरिकेत आणलेले देव तिथे भक्तांविना खंगत चालले आहेत. तुरुंगातून सुटलेला शॅडो हा त्यांतल्या एकाची, वेन्सडे नावाने वावरणाऱ्या ओडिनची, नोकरी धरतो. पुढे कळते की तो त्याचाच मुलगा, आणि हा बाप देवांच्या युद्धातल्या बळींवर पुन्हा बलवान होऊ पाहतो आहे. मुलगा ते युद्ध थांबवतो. मॅडेलिन मिलर यांच्या ‘सर्सी’ (२०१८) या कादंबरीची नायिका ‘ओडिसी’त माणसांची डुकरे करणारी चेटकीण म्हणून येते. मिलर तिलाच बोलते करतात. सूर्यदेव हेलिऑसची ही मुलगी बापाच्या महालात हिणवली जाते. तिचे बळ येते ते निर्जन बेटावर एकेक वनस्पती चाखून, चुकून, पुन्हा उकळून मिळवलेल्या विद्येतून. ते तिने कमावलेले आहे, आणि म्हणूनच अखेरीस ती अमरत्व सोडून माणूस व्हायला निघते.

नाव हिरावलेली मुलगी

या सगळ्यांच्या आधी, आणि माझ्या मते या सगळ्यांहून खोलवर, हे काम अर्सुला के. ले ग्विन यांनी केले. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर हे नावाजलेले मानववंशशास्त्रज्ञ. माणसांचे समूह पुराणकथांतून स्वतःला कसे समजून घेतात ही चर्चा त्यांच्या घरातलीच. १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’चा नायक गेड हा काशाची भांडी घडवणाऱ्याचा मुलगा, शेळ्या राखणारा. त्याच्या जन्मात कुठलेही रहस्य नाही. गर्वाच्या भरात तो मृतांच्या जगातून एक काळी छाया ओढून आणतो. ती त्याच्या मागे लागते, मग तो तिच्या मागे लागतो, आणि समुद्रापार तिला गाठल्यावर तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. इथे खूण पटते ती स्वतःच्या काळ्या बाजूची. बाप शोधायची गरजच उरत नाही.

‘द टूम्ब्स ऑफ अतुआन’मध्ये (१९७१) त्या आणखी पुढे गेल्या. टेनार ही लहानगी मुलगी मृत महापुजारिणीचा पुनर्जन्म आहे असे पुजाऱ्यांनी ठरवले. तिला आईबापांपासून तोडले, तिचे नाव काढून घेतले आणि अंधाऱ्या भुयारांची धनीण केले. तिला ओळख हवी म्हणून ती भटकत नाही. तिच्यावर ओळख लादलेली आहे, तीही पवित्र म्हणून. आपले साधे, आईने ठेवलेले नाव परत घेऊन त्या भुयारातून बाहेर पडणे हाच तिचा पराक्रम. पुराण माणसाला आधार देते तसेच गिळूनही टाकू शकते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी दुसरी फॅन्टसी मला माहीत नाही.

‘हे तर महाभारतात आहेच’

मराठी वाचक इथे कर्णाचे नाव घेईल, आणि ते रास्त आहे. उद्योगपर्वात कृष्ण त्याला जन्मरहस्य सांगतो आणि ज्येष्ठ पांडव म्हणून राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो. राधेने दूध पाजले, अधिरथाने संस्कार केले, सूतकुळात लग्ने झाली, दुर्योधनाने मान दिला. हे सोडून तो जाणार नाही. खूण पटूनही वारसा नाकारणारा नायक इतक्या जुन्या काळी उभा राहिला, हे महाभारताचे थोरपण आहे. तरी एक फरक उरतो. कर्णाचा नकार गुप्त राहतो. युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, असे तो स्वतःच कृष्णाला विनवतो. पांडवांना सत्य समजते ते तो मेल्यावर, तर्पणाच्या वेळी कुंतीच्या तोंडून. त्याच्या निर्णयाने जन्मावर चालणारी व्यवस्था तसूभरही हलत नाही. कृष्णाने देऊ केलेले राज्यही जन्माच्याच हक्काने होते. महाभारताने एका माणसाची शोकांतिका म्हणून जे सांगितले, ते फॅन्टसीने गोष्टीचा नेहमीचा रस्ता केले आणि तो नकार उघड्यावर आणला. मराठीत या नकाराची उकल कादंबरीने केली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, वृषाली आपापल्या तोंडाने बोलतात. कथा सगळ्यांना ठाऊकच होती, तेव्हा रहस्य उलगडण्याऐवजी लेखकाला थेट त्यांच्या मनात शिरता आले.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. सामान्य मुलगा शेवटी देवाचा किंवा राजाचाच निघतो, म्हणजे मोठेपण रक्तात असते, असेच ही पुस्तके मुलांना शिकवत नाहीत का? जन्मावरून माणसाची किंमत करण्याची जबर शिक्षा आपल्या समाजाने भोगलेली आहे, म्हणून हा आक्षेप आपण हलक्यावारी नेऊ नये. तो अंशतः खराच आहे. पर्सीने कितीही नियम बदलले तरी पाण्यावरची त्याची सत्ता बापाकडूनच आलेली असते. पण याच प्रकारात टॉल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) मध्ये सिंहासनाचा वारस अ‍ॅरागॉर्न असूनही अंगठीचे ओझे ज्वालामुखीपर्यंत नेतात ते फ्रोडो आणि त्याचा माळी सॅम. ले ग्विन तर वारसाच बाजूला ठेवतात. वारसा कळल्यानंतर नायकाला काही किंमत मोजून निवड करावी लागते की नाही, ही कसोटी लावली तर चांगली फॅन्टसी आणि नुसते वंशकौतुक यांतला फरक चटकन दिसतो.

जिवंत देव, जिवंत माणसे

पोसायडनशी लेखक मोकळेपणाने वागू शकतो. ज्या कथा आजही कोणाच्या पूजेत, विधीत आहेत त्यांचे काय? रिबेका रोनहॉर्स यांच्या ‘ट्रेल ऑफ लाइटनिंग’ (२०१८) या कादंबरीत नवाहो लोकांचे दैवी पूर्वज आणि वीर वावरतात. लेखिका स्वतः नवाहो नाहीत. काही नवाहो लेखकांनी जाहीर पत्र लिहून हरकत घेतली की आमच्या पवित्र कथा करमणुकीसाठी अशा वापरायच्या नसतात. मला ही हरकत योग्य वाटते. ज्या कथेतून एक समाज स्वतःला ओळखतो, ती कथा दुसऱ्याच्या नायिकेला ओळख मिळवून द्यायला खर्ची पडली, तर त्या समाजाला उत्तर मागण्याचा हक्क आहे. रायर्डन यांनी निवडलेला मार्ग इथे बरा दिसतो. अशा जिवंत परंपरांच्या पुराणांवर स्वतः लिहिण्याऐवजी त्या त्या परंपरेतल्या लेखकांची पुस्तके त्यांनी आपल्या नावाच्या मालिकेतून पुढे आणली. तिचे पहिले पुस्तक होते रोशनी चोक्षी यांचे ‘आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम’ (२०१८). अटलांटात वाढणाऱ्या आरूमध्ये अर्जुनाचा आत्मा आहे, पांडव आता मुलींच्या रूपाने जन्मतात, आणि ज्या शत्रूशी तिला लढायचे आहे तो तिचा बाप निघतो. परदेशात वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलेही महाभारताला पहिल्यांदा अशा पुस्तकातून भेटत असतील, तर त्यात मला काही गैर दिसत नाही.

मराठीत अशी फॅन्टसी लिहायची झाली तर मी कर्णापेक्षा जेजुरीकडे बोट दाखवीन. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’मध्ये दाखवून दिले आहे की पंढरपूरच्या देवाची ओळखही गवळी-धनगरांच्या दैवतापासून थरांवर थर चढत घडली. खंडोबाच्या कथेत तर हे थर घरातच भांडतात. म्हाळसा लिंगायत वाण्याची, बाणाई धनगराची. दोघींचा संसार एकाच देवाशी. अशा घराचा वारसा सांगणाऱ्या मुलीला एक तलवार किंवा एक अंगठी पुरणार नाही. आपण कोणत्या आईच्या बाजूचे, हे तिला पहिल्याच प्रकरणात ठरवावे लागेल, किंवा ठरवायला नकार द्यावा लागेल. आणि लिहिणाऱ्याने लेखणी उचलण्याआधी जागरणाला जाऊन बसावे, ज्या वाघ्या-मुरळींनी ही गाणी आजवर सांभाळली त्यांना विचारावे की यातले काय पुस्तकात यावे असे त्यांना वाटते.